जडसंग्रह नोंदवही

जुने साहेब सकाळी दहाला गेले.
नवे अडीचला येणार.
मधले साडेचार तास हा बंगला कुणाचाच नव्हता,
म्हणजे कागदोपत्री माझा:
कनिष्ठ लिपिक, बांधकाम विभाग,
एका हातात डेड स्टॉकचं रजिस्टर,
दुसऱ्यात किल्ल्यांचा जुडगा, लेकरासारखा जड.

मोजत गेले.
सागवानी टेबल, सोळा माणसांचं, एक. आहे.
खुर्च्या सोळा. पंधरा आहेत,
सोळावी पहाऱ्यावरच्या हवालदाराखाली.
आरसा, बेल्जियमचा, वरचा पारा उडालेला.
त्यात मी मला गळ्यापर्यंतच दिसले.

काळ्या दगडाच्या नऊ कमानी यादीत नाहीत.
कुणा मडमेनं लावलेला विलायती शिरीषही नाही,
ज्याच्या सावलीत तीन जिपा मावतात
आणि पंधरा ऑगस्टला अख्खं बँडपथक.
जे उचलून नेता येत नाही
ते सरकार मोजत नाही.

मग नोंद क्रमांक दोनशे बारा.
दोर, सुती, पंख्याचा, एक.
शेरा: आहे.
एकोणीसशे अकरापासून प्रत्येकानं तेच लिहिलेलं,
आधी इंग्रजीत, मग मोडी वळणाच्या मराठीत, मग टाइप करून.
सव्वीस सह्या. आणि पंखा तर
माझ्या आजोबांच्या जन्माआधीच काढलेला.

भिंतीत, छताखाली, भोक मात्र होतं.
रुपयाएवढं, कडा घासून गुळगुळीत,
आता त्यातून एसीची वायर जाते.
स्टुलावर चढून डोळा लावला:
पलीकडं व्हरांडा, फरशीवर एक खळगा,
बसून बसून पडलेला.

"पणजा बसायचा तिथं," तायाप्पा खालून म्हणाला,
बागेतला, हातात कात्री.
"पायाच्या अंगठ्याला दोर बांधून, रातभर.
आत वारं जायाचं, ह्यो भाईर घामानं भिजायचा.
साहेब झोपतो कसा ते मरस्तवर बघितलं न्हाई त्यानं.
घोरणं तेवढं वळखायचा.
तीन साहेबांचं, येगयेगळं."

मी म्हटलं, आत ये की, आज कुणी नाही.
तो स्वतःच्या मातीच्या पायांकडं बघत राहिला.
आला नाही. त्याची बायको आली, आक्कूबाई,
चपला हातात घेऊन.
दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहिली:
"आगं बया, एवढं झाडायचं कुणी?"
आणि पाच मिनिटांत परत. मेथीला पाणी चालू होतं.

तबेल्यामागं त्यांची मेथी, चार सऱ्या वांगी.
ती कुठल्याच रजिस्टरात नाहीत,
पण सगळ्या साहेबांनी खाल्लीत.
महापुराच्या साली पाणी फाटकापर्यंत आलं,
तेव्हा या लॉनवर चौऱ्याऐंशी म्हसरं
चार दिवस बांधून होती.
त्यानंतर आलं तसं गवत पुन्हा आलं नाही,
तायाप्पा सांगतो, आणि हसत नाही.

दोन वाजले. दोनशे बारापुढं माझं पेन थांबलेलं.
'निर्लेखित' लिहावं की 'आढळला नाही'?
"दोर व्हय?" आक्कूबाई पाइप गुंडाळत म्हणाली,
"त्यो काय, वासराला हाय की."

खरंच होता.
जांभळीच्या बुंध्याला बांधलेला, मळका, जाड.
दर पिढीला झिजतो, ती म्हणाली,
जुनं सूत उसवून नव्यात पिळायचं.
सासऱ्यानं पिळला, त्याच्या आधी त्याच्या बानं.
"सरकारी वस्तू हाय बाई,
हरवून कसं चालंल?"

वासरू दोर ताणून उभं,
कान हलवत. तेवढंच काय ते वारं.

फाटकाशी सायरन वाजला.
मी लिहिलं: आहे.
आणि शेऱ्याच्या रकान्यात, जागा होती म्हणून:
वापरात.